शेजार आणि निवेदन : जेन ॲडम्स यांचे ‘ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाउस’

समाजकार्यात आयुष्य वेचलेल्या व्यक्तींची आत्मकथने मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. मात्र त्यांच्याकडे चरित्राची सामग्री म्हणून पाहिले जाते, वाङ्मय म्हणून क्वचित. कार्याची थोरवी एकदा मान्य केली की लेखनाची चिकित्सा करणे काहीसे अप्रशस्त वाटू लागते. या संकोचामुळे अशा लेखनातील कळीचा प्रश्न अस्पर्शित राहतो. ज्यांच्यासाठी कार्य झाले ती माणसे निवेदनात कोणत्या रूपाने येतात, स्वतःच्या आयुष्याची धनी म्हणून की कार्याचा पुरावा म्हणून? जेन ॲडम्स (१८६०–१९३५) यांचे ‘ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाउस’ हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यात दोन्ही प्रकार आढळतात आणि कित्येकदा ते एकाच पानावर आढळतात.

पुस्तकामागची चळवळ प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. १८८४ साली सॅम्युएल बार्नेट आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉलची स्थापना केली. सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत दान घेऊन जाऊ नये, तेथे राहायला जावे, ही तिच्यामागची कल्पना होती. ॲडम्स यांनी १८८८ मध्ये ती संस्था पाहिली आणि पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १८८९ रोजी, एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. भोवती इटालियन, ग्रीक, बोहेमियन, रशियन-पोलिश ज्यू अशा स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती होती. वीस वर्षांच्या आत त्या वाड्याभोवती तेरा इमारतींचा परिसर उभा राहिला. अशा घरांना ‘सेटलमेंट’ म्हणत. मराठी कानाला हा शब्द खटकतो, आणि त्याला कारण आहे. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हणजे इंग्रजी राजवटीने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारांच्या कुंपणाआड डांबण्याची जागा. तिचा कायदेशीर आधार १९५२ साली संपला. एका शहरात स्वेच्छेने जाऊन राहण्यासाठी वापरलेला शब्द दुसऱ्या शहरात सक्तीच्या वस्तीसाठी वापरला गेला. ‘शेजार’ ही ॲडम्स यांच्या विचारातील मूळ कल्पना मराठीत नेमकी उतरते. ‘सेटलमेंट’ उतरत नाही.

पुस्तकाच्या शीर्षकात कालावधी आहे, घर आहे, व्यक्ती नाही. प्रस्तावनेत लेखिका सांगते की तिच्या हयातीतच लिहिल्या जात असलेल्या दोन चरित्रांना आवर घालणे हा या लेखनाचा एक हेतू होता; त्यांपैकी एकात अशा घरातील जीवन फारच गुळगुळीत आणि मोहक होऊन बसले होते. १९१० सालीच मराठीत रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. सेवासदनासारख्या संस्थेची धुरा वाहणाऱ्या रमाबाई आपल्या पुस्तकात पतीच्या व्यक्तिमत्त्वाआड उभ्या राहतात, तर ॲडम्स वास्तूआड उभ्या राहतात. स्वतःविषयी लिहिण्याची परवानगी त्या काळच्या कर्तृत्ववान स्त्रीला अशी आडवाटेने घ्यावी लागत होती. परंतु आडोशाचे परिणाम वेगवेगळे होतात. रमाबाईंच्या निवेदनाला त्यामुळे घरगुती बोलीचा गोडवा येतो. ॲडम्स यांच्या निवेदनाला पुष्कळदा अहवालाची कळा येते.

अहवालाची कळा ज्या पानांवर नाही, ती पाने मात्र अव्वल दर्जाची आहेत. त्यांपैकी पहिले पूर्व लंडनचे, १८८३ सालचे. शनिवारी रात्री नासक्या भाज्यांचा लिलाव चालला आहे आणि परदेशी प्रवाशांचा एक जथा तो घोडागाडीच्या टपावरून पाहतो आहे. एका माणसाला कोबीचा गड्डा मिळतो. तो तिथेच बसून कच्चाच खाऊ लागतो. वर उंचावलेल्या रिकाम्या हातांची आठवण लेखिकेचा पिच्छा पुढे कित्येक वर्षे सोडत नाही. तथापि प्रसंगाची खरी धार त्यानंतर येते. त्या क्षणी तिला डी क्विन्सी या निबंधकाराचा एक उतारा आठवतो. भरधाव डाकगाडीपुढे आलेल्या युगुलाला सावध करायचे आहे, परंतु ‘इलियड’मधील आरोळीचा प्रसंग आठवेपर्यंत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा माणसाची ती हकिगत आहे. भुकेलेली माणसे समोर असताना आपल्याला साहित्य आठवते, या जाणिवेने ती स्वतःवरच चिडते. साहित्याविषयीची ही तक्रार अखेर एका साहित्यकृतीच्या आधारानेच मांडावी लागते, ही विसंगती तिच्या नजरेतून सुटलेली दिसत नाही. गरिबीविषयी लिहिणाऱ्या सुशिक्षित लेखकाची कोंडी इतक्या थोड्या जागेत क्वचितच मांडली गेली असेल.

हल-हाउसमध्ये राहायला गेल्यावर टप खाली येतो आणि लेखिका रस्त्याच्या पातळीवर येते. पहिल्याच नाताळात काही लहान मुली देऊ केलेली मिठाई नाकारतात. आम्ही मिठाईच्या कारखान्यात काम करतो, ती आम्हाला डोळ्यांसमोर नको, एवढेच त्या सांगतात. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत त्या राबत होत्या, हे मागाहून कळते. लेखिका येथे हळहळत नाही. देणाऱ्याचा हात तसाच हवेत राहतो आणि निवेदन पुढे सरकते. इलिनॉयमध्ये १८९३ साली चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामाला ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यामागे हल-हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांची पाहणी होती, आणि त्याच पुढे राज्याच्या मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या. कायद्याचा हा इतिहास इतर ग्रंथांतही सापडतो. नाकारलेली मिठाई सापडते ती येथे.

याहून कठोर प्रसंग एका कारकुनाचा आहे. १८९३ नंतरच्या मंदीत मालाच्या रवानगीचे काम पाहणारा हा माणूस बेकार होऊन मदत मागायला येतो. मिळेल ते काम करून पाहिल्याशिवाय मदत नाही, असा नियम. आणि सांडपाण्याच्या कालव्यावर तर काम उपलब्ध आहे. आपण नेहमी घरात बसून काम केले आहे, थंडीत उघड्यावर ते झेपणार नाही, असे तो सांगतो. नियम बदलत नाही. तो दोन दिवस काम करतो, त्याला न्यूमोनिया होतो आणि आठवड्याभरात तो मरतो. त्याच्या दोन मुलांना पाहिले की नियमांनी जीवन चालवता येत नाही हा धडा आपण यांच्या जिवावर शिकलो, ही कडवट जाणीव होते, असे लेखिका लिहिते. तिची वाक्ये येथे एकदम आखूड होतात. कबुलीतून सुटका मिळवण्याचा प्रयत्न नाही, आत्मनिंदेचे प्रदर्शनही नाही. समाजसुधारकांच्या आत्मकथनांत अपयश बहुधा पुढच्या यशाची पायरी म्हणून येते. ॲडम्सही धडा सांगतात, परंतु त्याची किंमत दुसऱ्याने दिली हे लपवत नाहीत.

हाच संयम सर्वत्र टिकत नाही. संस्था वाढते तशी प्रकरणे विषयवार होतात आणि माणसे मुद्द्यांच्या दिमतीला लागतात. १८९५ साली हल-हाउसच्या रहिवाशांनी ‘हल-हाउस मॅप्स अँड पेपर्स’ हा संग्रह प्रसिद्ध केला होता. वस्तीतील कुटुंबांचे देश आणि मिळकती रंगांनी दाखवणारे नकाशे त्यात होते. समाजशास्त्राच्या दृष्टीने ते काम मोलाचे आहे. पण नकाशाची ही सवय ॲडम्स यांच्या गद्यातही शिरते. ‘एक इटालियन स्त्री’, ‘एक बोहेमियन बाप’ असे उल्लेख येतात, उदाहरणाचे काम संपते आणि माणूस पुसला जातो. तरी एखादे उदाहरण लेखिकेच्या हातातून निसटते, हे तिचे भाग्य. हल-हाउसमधील संध्याकाळच्या मेळाव्यात एक इटालियन बाई लाल गुलाब पाहून चकित होते. इतक्या दूर इटलीहून ही फुले ताजी कशी आणली, असे तिला वाटते. ती सहा वर्षे शिकागोत राहिली आहे, फुलांचे दुकान तिच्या घरापासून दहा चौकांच्या आत आहे, पण तिने शहरात गुलाब पाहिलेलाच नाही. लेखिकेला यातून स्थलांतरितांच्या कोंडलेल्या आयुष्याविषयीचा मुद्दा मांडायचा आहे. तो मांडून झाल्यावरही ते गुलाब मागे उरतात.

अँजेलिनाची हकिगत याच जातीची, परंतु अधिक गुंतागुंतीची आहे. हल-हाउसमध्ये १९०० साली श्रमसंग्रहालय सुरू झाले. म्हाताऱ्या स्थलांतरित स्त्रिया तेथे आपापल्या देशातील सूतकताई करून दाखवत. अँजेलिनाची आई टकळीवर सूत काढण्यात निष्णात. मुलगी त्याच इमारतीत पाकशास्त्र शिकायला येई, पण दुसऱ्या दाराने. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, आखूड घागरा नेसणाऱ्या आईबरोबर कोणी आपल्याला पाहू नये म्हणून. एके दिवशी शिकलेली मंडळी आईच्या हातांचे कौतुक करताना तिने पाहिली. त्यानंतर ती आईच्याच दाराने येऊ लागली आणि पलंगाखालच्या पेटीतली घरी विणलेली वस्त्रे बाहेर निघाली. भारतीय वाचकाला येथे चरख्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु फरकही मोठा आहे. चरख्यामागे शिक्षितांनी स्वतः कातण्याचा आग्रह होता. येथे आई कातते आणि शिक्षित पाहतात. आईची प्रतिष्ठा मुलीला परत मिळते ती परक्यांच्या नजरेतून. लेखिकेला या मध्यस्थीचा अभिमान वाटतो, त्यातला पेच दिसत नाही. टॉलस्टॉयना तो बहुधा दिसला असता. १८९६ साली त्यांनी ॲडम्स यांच्या झग्याची फुगीर बाही ओढून, एवढ्या कापडात एका लहान मुलीचा झगा होईल, असे सुनावले होते. परतल्यावर रोज दोन तास पाव भाजण्याचा संकल्प त्यांनी केला. शिकागोत वाट पाहणारी माणसे आणि न उघडलेली पत्रे पाहून तो बारगळला. ही माघार त्या मिश्कील मोकळेपणाने सांगतात.

या चळवळीचा एक धागा मुंबईत पोहोचला. शिकागोत शिकलेले अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उभारले आणि १९३६ साली सुरू झालेल्या, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखाना याच नागपाड्याच्या परिसरातला. ॲडम्स वस्तीत बाहेरून शिरतात. ‘बलुतं’चा निवेदक वस्तीतून बाहेर पडलेला आहे. तरीही तेथे दगडू मारुती पवार आणि लेखक दया पवार असे एकाच माणसाचे दोन भाग करावे लागतात. वस्ती आणि निवेदन यांतले अंतर केवळ जन्माने मिटत नाही, हे ‘बलुतं’ने दाखवून दिले. दगडूलाही अँजेलिनाची दोन दारे परिचित आहेत. मात्र कोणत्या दाराने जायचे हे तो परक्यांच्या कौतुकावर सोडत नाही.

हल-हाउसच्या शेजारानेही अखेर स्वतःचे निवेदन केले, पण फार उशिरा. पोलंडहून शिकागोला आलेल्या हिल्डा सॅट पोलाचेक यांचे ‘आय केम अ स्ट्रेंजर’ १९८९ साली, घर उघडल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, प्रसिद्ध झाले. लेखिका १९६७ मध्येच निवर्तली होती आणि हस्तलिखित तिच्या मुलीने संपादित केले. तोवर विद्यापीठाच्या इमारतींसाठी हल-हाउसचा बहुतेक परिसर पाडला गेला होता. मूळ वाडा आणि भोजनगृह संग्रहालय म्हणून उरले. त्या नावाची सेवासंस्थाही २०१२ साली बंद पडली. पोलाचेक यांच्या गद्यात ॲडम्स यांची वैचारिक घडण नाही, आणि ॲडम्स यांच्यावरील भक्तीमुळे काही पाने भाबडी झाली आहेत. पण नाताळच्या मेळाव्याचा प्रसंग त्यांनी लिहावा आणि इतरांनी वाचावा. लहानपणी मैत्रीण त्यांना हल-हाउसच्या नाताळाला बोलावते, तेव्हा ज्यू मुलीच्या मनात पहिला विचार येतो तो जिवाच्या भीतीचा; मायदेशी नाताळ म्हणजे दारे लावून घरात बसण्याचा दिवस. भीतभीत ती जाते, निरनिराळ्या देशांची मुले एकत्र बसलेली पाहते, आणि कोणालाही इजा झालेली नाही याची नोंद करते. ॲडम्स यांच्या पुस्तकातील नाताळ यजमानाच्या बाजूने सांगितलेला आहे. तेथे मिठाई का नाकारली गेली हे कळते. दारातून आत पाऊल टाकताना काय वाटत होते, हे या दुसऱ्या पुस्तकात कळते.