पर्जन्याची आज्ञा : चिनी मिथककथांतील एक सूत्र

चिनी मिथककथांच्या विवेचनात एक गृहीतक वारंवार डोकावते. प्रारंभी वारा, पाऊस, वीज या स्वयंभू दैवी शक्ती होत्या; पुढे साम्राज्याची प्रशासनव्यवस्था बळावली आणि या शक्तींचे स्वर्गीय दरबारातील कारकून झाले, असे ते गृहीतक. काव्य संपले आणि दप्तर सुरू झाले, अशी ऱ्हासाची कहाणी त्यात अध्याहृत आहे. उपलब्ध संहिता मात्र तिला दुजोरा देत नाहीत.

'आज्ञा' ही कल्पना मुळात उत्तरकालीन नाही. शांग राजवटीच्या अखेरच्या शतकांतील अस्थिलेखांत 'दी' ही सर्वोच्च देवता पावसाची आज्ञा देईल काय, असा प्रश्न विचारलेला आढळतो. ऋग्वेदातील इंद्र वृत्राचा वध करून जल मुक्त करतो. तेथे पाऊस हे पराक्रमाचे फळ आहे. चिनी कल्पनेत पाऊस ही अंमलबजावणी आहे. इंद्राचे माप घेऊन या कथांकडे जाणाऱ्यास त्या नीरस वाटल्या, तर दोष मापाचा.

युद्धमान राज्यांच्या काळापासून हान काळापर्यंत संकलित होत गेलेल्या 'शानहायजिंग' या ग्रंथातील बा या देवतेची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी लागते. हुआंगदी या आदिसम्राटावर छियौ चालून येतो. सम्राटाच्या आज्ञेवरून यिंगलुंग हा पंखधारी नाग पाणी अडवून धरतो. छियौ वायुदेव फंगबो व पर्जन्यदेव यूशी यांना पाचारण करून वादळ उठवतो. तेव्हा सम्राट स्वर्गकन्या बा हिला खाली उतरवतो. पाऊस थांबतो, छियौ मारला जातो. परंतु बा हिला पुन्हा वर जाता येत नाही, आणि ती जेथे राहते तेथे पाऊस पडत नाही. अखेर शूजुनच्या तक्रारीवरून तिला तांबड्या नदीच्या उत्तरेस धाडले जाते. यिंगलुंगचीही गत तीच : तोही खालीच अडकतो, म्हणून अवर्षण. येथे दुष्काळ हा कोणा असुराचा अपराध नाही. आज्ञा पाळली गेल्यानंतर उरलेला तो शेष आहे. बा अधूनमधून निसटून येते, तेव्हा तिला उत्तरेकडे जाण्यास फर्मावावे. मात्र आधी पाट साफ करावेत, चर मोकळे करावेत, असेही ग्रंथ सांगतो. मंत्र आणि फावडे यांत त्याला विसंगती दिसत नाही.

आज्ञेचे हे सूत्र उलट दिशेनेही चालते. नागराजाने पाऊस दिला नाही, तर त्याची मूर्ती देवळाबाहेर काढून उन्हात ठेवण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत आढळते. (मराठी माणूस देव पाण्यात ठेवतो, तेथे तो उन्हात तापवला जातो.) या प्रथेमागील जुना थर भीषण आहे. 'ज्वोच्वान' या इतिवृत्तानुसार इ. स. पू. ६३९ च्या अवर्षणात लू राज्याचा अधिपती एका मांत्रिकेला जाळावयास निघाला होता. मंत्री झांग वनजुंग याने त्याला परावृत्त केले : तिच्यात दुष्काळ आणण्याचे सामर्थ्य असेल, तर तिला जाळल्याने तो वाढेलच. तट दुरुस्त करावेत, खर्च आवरावा, शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्याचा सल्ला. मूर्ती ज्या जागी तापते, तेथे कधीकाळी माणूस होता, हे 'दप्तरशाही' या शब्दाने झाकले जाते.

१५९२ साली छापल्या गेलेल्या 'पश्चिमयात्रा' या कादंबरीत हेच सूत्र उपरोधाच्या टोकाला पोचते. जिंग नदीचा नागराज एका ज्योतिषाशी पैज लावतो. उद्या तीन फूट तीन इंच आणि अठ्ठेचाळीस थेंब पाऊस पडेल, हे ज्योतिषाचे भाकीत. पावसाचा अधिकारी आपण, आज्ञा आलेली नाही, म्हणून नागराज निर्धास्त असतो. तोच वरून नेमक्या त्याच आकड्यांची आज्ञा येते. पैज जिंकण्यासाठी तो वेळ पुढे ढकलतो आणि तीन इंच आठ थेंब कमी पाडतो. शिक्षा मृत्युदंडाची. थांग सम्राट ताइत्सुंग त्याला अभय देतो. पण सोंगट्यांच्या पटावर डुलकी लागलेला मंत्री वेई झंग स्वप्नातच त्याचा शिरच्छेद करतो. मग नागराजाचे प्रेत सम्राटाला छळते, सम्राट यमलोक पाहून येतो, मृतांच्या उद्धारासाठी महाविधी योजतो आणि त्यातूनच श्वेनझांग भारताकडे ग्रंथ आणावयास निघतो. चीनमधील नागराज या कल्पनेवर बौद्ध ग्रंथांतून गेलेल्या नागांचा मोठा ठसा आहे, हे ध्यानात घेतले की या प्रवासाची दिशा अधिकच अर्थपूर्ण होते. शंभर अध्यायांच्या त्या कादंबरीत श्वेनझांगच्या यात्रेचे निमित्त एवढेच : तीन इंच आठ थेंबांची तूट.