नियमबदल आणि डावपेच : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची एक चिकित्सा

प्रस्तावना

ज्याचे नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे प्रथम लिहिले गेले, त्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये ऑफसाइडचा नियम नाही. लंबगोल मैदानावर प्रत्येक संघाचे १८ खेळाडू कोठेही धावू शकतात. परिणामी, चेंडूभोवती गर्दी करून प्रतिपक्षाची वाट अडविणे हा डावपेच प्रशिक्षकांना सदैव उपलब्ध असतो. खेळ मोकळा व वेगवान राहावा यासाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने नियमांत वारंवार बदल केले. या बदलांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

गुणांचा हिशेब

मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास गोलचे ६ गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास ‘बिहाइंड’चा केवळ १ गुण मिळतो व चेंडू बचाव करणाऱ्या संघाकडे येतो. बचावपटूने स्वतःच चेंडू रेषेपार नेला तरी प्रतिपक्षाला १ गुणच लाभतो. पूर्वी बिहाइंडनंतर गोलपंचाचे निशाण फडकवून होईपर्यंत थांबावे लागे. २००६ मध्ये ही अट काढण्यात आली. हेतू वेगाचा होता; परंतु १ गुण देऊन चेंडू मिळविणे त्यामुळे अधिकच किफायतशीर ठरले. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जीलाँगला असे ११ गुण बहाल केले आणि सामना ११५–८९ असा जिंकला. हॉथॉर्नने कोणताही नियम मोडला नव्हता. नियमातील फट तेवढी हेरली होती. २००९ पासून हेतुपुरस्सर दिलेल्या बिहाइंडसाठी प्रतिपक्षाला फ्री किक देण्यात येऊ लागली. ती गोलाच्या अगदी समोरून मिळत असल्याने हा सौदा तोट्याचा झाला.

थकवा आणि जागा

१९७८ मध्ये इंटरचेंजची, म्हणजे खेळाडू पुन्हा पुन्हा आतबाहेर करण्याची, मुभा मिळाली. दुखापतीच्या वेळी उपयोगी पडणारी ही सोय प्रशिक्षकांनी ताज्या दमाच्या खेळाडूंकरवी सतत दडपण आणण्यासाठी वापरली. म्हणून प्रतिसामना अदलाबदलीवर २०१४ मध्ये १२०, २०१६ मध्ये ९० आणि २०२१ मध्ये ७५ अशी मर्यादा घातली गेली. खेळाडू थकतील, गर्दी विरळ होईल, हे यामागील गृहीतक होय. मात्र थकलेला संघ मोकळे खेळण्याऐवजी बचावात सावधही होऊ शकतो. शिवाय खेळाडूच्या थकव्यालाच नियमनाचे साधन करणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच.

२०१९ मध्ये मध्यभागातून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाने मैदानाच्या तीन विभागांत सहा-सहा खेळाडू ठेवावेत, असे बंधन आले. त्या हंगामातील सरासरी गुणसंख्या मात्र आदल्या वर्षापेक्षा कमीच राहिली. एका हंगामावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि हे बंधन केवळ आरंभक्षणापुरते होते. चेंडू खेळात येताच पूर्ववत गर्दी करण्यास प्रशिक्षक मोकळेच राहिले.

निष्कर्ष

डावपेचातील लाभहानीचे गणित बदलणारा नियम प्रभावी ठरतो. केवळ खेळाडूंची जागा वा दम नियंत्रित करणारा नियम प्रशिक्षक लवकरच पचवितात. २००६ चा बदल हे गणित नकळत बिघडविणारा, तर २००९ चा ते जाणीवपूर्वक सुधारणारा होता. म्हणूनच कोणताही नवा नियम करताना त्याचा हेतू काय, यापेक्षा जिंकू इच्छिणारा प्रशिक्षक त्याचे काय करील, हा प्रश्न आधी विचारला जाणे अगत्याचे आहे.