गाण्यातला खवचटपणा कुठे गेला?

26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सेलीन दिऑनने आयफेल टॉवरवरून एदित पियाफचं ‘इम्न आ लामूर’ गायलं आणि जगाने डोळे पुसले. गाण्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गाण्यातली बाई प्रियकराने नुसतं सांगितलं तर चोरी करायला, मित्रांना आणि देशालाही नाकारायला तयार आहे. दोनशेहून अधिक देशांचे झेंडे मिरवणाऱ्या सोहळ्याला हे गाणं! कुणाला काही खटकलं नाही, कारण फ्रेंच गाण्याचे शब्द ऐकायचे असतात हेच लोक विसरलेत. अकॉर्डियन वाजला, पॅरिस दिसलं, झालं. पुण्या-मुंबईच्या कॅफेंतही ‘ला व्ही आँ रोझ’ कॉफीवरच्या फेसाइतकीच सजावटीपुरती.

इंग्रजीने तर या गाण्यांना साखरेच्या पाकात बुडवलं. क्लोद फ्रान्स्वाच्या ‘कॉम दाबित्यूद’मध्ये शिळा झालेला संसार होता, पॉल अँकाने सिनात्रासाठी त्याचं ‘माय वे’ केलं आणि थकलेल्या नवऱ्याच्या जागी स्वतःवर खूश असलेला म्हातारा आणून बसवला. जाक ब्रेलच्या गाण्यातला मरायला टेकलेला माणूस बायकोच्या याराचाही निरोप घेतो. त्याच्याच इंग्रजी रूपात, टेरी जॅक्सच्या ‘सीझन्स इन द सन’मध्ये, यार गायब, आणि 1974 साली गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. ‘ऑटम लीव्ह्ज’ जाझवाल्यांनी सुरांसाठी घेतलं, तिथे वादच नाही.

जपानमध्ये निदान भांडण तरी आहे. गीतकार इवातानी तोकिकोने गायिका कोशिजी फुबुकीसाठी पियाफच्या ‘इम्न आ लामूर’चं इतकं सोज्वळ रूप केलं की ते लग्नात गायलं जातं. गायक मिवा आकिहिरो यांनी मात्र मुळातला वेडेपणा जपानीत परत आणला. दोन्ही जपानीच, पण एकात बाई आहे आणि दुसऱ्यात नववधूचा फोटो.

खरी मौज इटलीत. फ्रेंच गायक-गीतकार जॉर्ज ब्रासाँसच्या ‘ल गोरीय’मध्ये पिंजऱ्यातून सुटलेला गोरिला एक म्हातारी आणि एक न्यायाधीश यांतून न्यायाधीशाला निवडतो, आणि तो न्यायाधीश, त्याच दिवशी ज्याची मान कापायचा हुकूम त्याने दिला त्या माणसासारखाच, आईच्या नावाने रडू लागतो. फ्रेंच रेडिओने हे गाणं वाजवायचं नाकारलं होतं. जेनोव्हाच्या गायक-गीतकार फाब्रिझिओ दे आंद्रेने 1968 साली ते इटालियनमध्ये आणलं. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडलेला हा माणूस. न्यायाधीशाची फजिती त्याने इतक्या चवीने गायली आहे की गाणं मुळात दुसऱ्या भाषेतलं असेल अशी शंकाही येऊ नये. त्याने काही सौम्य केलं नाही, समजावून सांगितलं नाही. शिवाय 1974च्या ‘कान्झोनी’ या अल्बममध्ये ब्रासाँसची आणखी गाणी घेतली, त्यांत विचारांसाठी मरायला सांगणाऱ्या म्हाताऱ्यांची टिंगल करणारंही होतं. गायक नान्नी स्वाम्पा तर त्याच्याही पुढे गेला: त्याने ब्रासाँसला मिलानच्या बोलीत बोलायला लावलं. स्पॅनिशमध्ये पाको इबान्येझ, हिब्रूत नाओमी शेमरच्या अनुवादांतून योसी बनाई. या सगळ्यांनी मिळून ब्रासाँसला जिवंत ठेवलं, ते पॅरिसच्या पोस्टकार्डांना कधी जमणार नाही.

तरीही शुद्धतावादी सांगतात, फ्रेंच गाणं फ्रेंचमध्येच ऐकावं. ऐका की! पण अर्थ न कळता डोलायचं आणि वर अनुवाद करणाऱ्याला नाकं मुरडायची, हा रसिकपणा नव्हे, ऐट आहे. गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली ‘मानापमान’मध्ये आणल्या तेव्हा खाडिलकरांनी त्यांवर मराठी पदं लिहिली; मूळ बोल तसेच ठेवा, असा हट्ट कुणी धरला असता तर बालगंधर्व काय गायले असते? आणि कोणतं शुद्ध फ्रेंच? ब्रेल बेल्जियमचा, ‘ऑटम लीव्ह्ज’चं मूळ असलेल्या ‘ले फय मॉर्त’चा संगीतकार कोस्मा हंगेरीचा, गायक अझ्नावूर आर्मेनियन निर्वासितांचा मुलगा. पॅरिसला गेलेला प्रत्येक पर्यटक जे गुणगुणतो ते जो दासाँचं ‘ले शांझेलिझे’ही मुळात ‘वॉटर्लू रोड’ नावाचं इंग्रजी गाणं; फ्रेंच गीतकाराने लंडनचा रस्ता बेधडक पुसून त्यावर आपला रस्ता लिहिला, आणि त्याबद्दल परवानगी मागायला तो शुद्धतावाद्यांकडे गेला नाही.