‘वृद्धिघटक’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

पारिभाषिक शब्द पारदर्शक असावा, असा आपल्या परिभाषाकारांचा सामान्यतः आग्रह असतो. या आग्रहाची मर्यादा ‘वृद्धिघटक’ या शब्दात स्पष्ट दिसते. वाचणाऱ्यास त्याचा अर्थ कळल्यासारखा वाटतो, आणि नेमकी तेथेच त्याची फसगत होते.

पोष ग्रंथीच्या गर्भावस्थेतील घडणीचे उदाहरण घेऊ. या ग्रंथीचा पुढील खंड गर्भाच्या मुखाच्या छतापासून वर सरकणाऱ्या एका कोष्ठातून निर्माण होतो. १८३८ साली त्याचे वर्णन करणाऱ्या मार्टिन राथ्के यांच्या नावाने तो ओळखला जातो. कोष्ठाला लागून असलेल्या मेंदूच्या तळातून काही प्रथिने स्रवतात. त्यांपैकी बीएमपी-४ च्या अभावी उंदराच्या गर्भात कोष्ठ आकारासच येत नाही. एफजीएफ कुलातील प्रथिने कोष्ठातील पेशींचे विभाजन चालू ठेवतात. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एफजीएफ-१० किंवा त्याचा विशिष्ट ग्राही नसलेल्या उंदरांत निराळेच घडले : कोष्ठ तयार झाला, मात्र पुढे त्यातील पेशी मरून गेल्या व ग्रंथी उरलीच नाही.

म्हणजे एक प्रथिन आरंभ करविते, दुसरे विभाजन चालविते, तिसरे पेशींना जगविते. या तिन्ही क्रियांना ‘वृद्धी’ म्हटले की, घटक कमी पडल्यास ग्रंथी केवळ लहान राहील, असे अनुमान विद्यार्थी काढतो. त्यातच ही ग्रंथी स्वतः ‘वृद्धिसंप्रेरक’ निर्माण करते. ग्रंथीला घडविणारे आणि ग्रंथीने घडविलेले यांतील भेद त्यामुळे पुसट होतो. शिवाय ‘घटक’ म्हणजे अवयवभूत अंश. येथे अभिप्रेत आहे तो क्रियेला प्रवृत्त करणारा.

मग ‘वृद्धिकारक’ म्हणावे काय? त्याने ‘घटक’ जाईल, ‘वृद्धी’चा दोष राहीलच. तथापि व्याकरणातील ‘कारक’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. ‘काठीने साप मारला’ येथे काठी करण आहे. ‘काठी मोडली’ येथे कर्ता. वस्तू तीच, तिचे कारकत्व क्रियेवरून ठरते. प्रथिनाचेही तसेच आहे : पेशीपाशी कोणता ग्राही आहे आणि घडणीची कोणती अवस्था चालू आहे, यांवरून त्याचे कार्य ठरते.

‘पिट्यूटरी’ या नावाच्या मुळाशी मेंदूतील कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो ही जुनी चुकीची समजूत आहे. पण त्या नावातून आज कोणी अर्थ काढीत नाही, म्हणून ते निरुपद्रवी ठरले. ‘वृद्धिघटक’ मात्र अर्थ सांगतो. रूढ झालेला शब्द बदलावा असे आमचे म्हणणे नाही. एवढीच अपेक्षा आहे की, तो योजणाऱ्याने प्रत्येक वेळी त्याचे क्रियापदही सांगावे.