सिद्धांत आणि निवड : जे. नील शुल्मन यांचा कादंबरीकडून चित्रपटाकडे प्रवास

अमेरिकन लेखक जे. नील शुल्मन (१९५३–२०१९) यांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा एकच सिद्धांत आधी कादंबरीतून आणि पुढे चित्रपटातून मांडला. राज्यसंस्थेच्या सक्तीवाचून, केवळ ऐच्छिक व्यवहारांच्या आधारे समाज उभा राहू शकतो, ही त्यांची श्रद्धा होती. ती ग्राह्य की अग्राह्य, हा प्रश्न राज्यशास्त्राचा होय. समीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे : ती श्रद्धा कलाकृतीच्या अंगी कितपत मुरली?

‘अलाँगसाइड नाइट’ (१९७९) या पहिल्या कादंबरीत चलनाचे मूल्य कोसळून अमेरिकेची शासनव्यवस्था खिळखिळी झाली आहे. अर्थशास्त्रज्ञाचा कोवळ्या वयाचा मुलगा एलियट आपल्या हरवलेल्या कुटुंबाच्या शोधात भूमिगत बाजारपेठेत शिरतो. सॅम्युएल कॉन्किन यांच्या प्रतिअर्थव्यवस्थेच्या कल्पनेचे ऋण येथे उघड आहे. तथापि वाचक ती कल्पना एलियटच्या गरजेतून जाणतो. शिवाय १९७९ मध्ये अमेरिकेत महागाईवाढीचा दर ११ टक्क्यांवर होता; त्यामुळे कल्पित अरिष्टाला अनुभवाचा आधार लाभला.

‘द रेनबो कडेन्झा’ (१९८३) ही त्याहून परिपक्व कृती. तरुण स्त्रियांवर लैंगिक सेवेची सक्ती लादणाऱ्या भावी समाजात तिची नायिका लेसर-किरणांच्या रंगरचनांची कलावती आहे. सक्तीचा प्रश्न येथे देहाशी येऊन भिडतो. म्हणूनच त्याला विवेचनाची फारशी गरज उरत नाही. विशेष असे की, ही संपूर्णतः दृश्य कला शुल्मन यांनी केवळ शब्दांनी प्रत्ययास आणली. कादंबरीला १९८४ चा प्रॉमिथियस पुरस्कार मिळाला.

दृश्य माध्यमही त्यांना परके नव्हते. ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेसाठी लिहिलेल्या ‘प्रोफाइल इन सिल्व्हर’ (१९८६) या कथेत भविष्यातील इतिहासकार केनेडींचा वध टाळतो आणि त्या कृत्याचे मोल स्वतः चुकवतो. येथे सारा आशय एका निवडीत सामावला आहे.

‘लेडी मॅग्डलेन्स’ (२००८) नंतर त्यांनी स्वतःच ‘अलाँगसाइड नाइट’ पडद्यावर आणली (२०१४). मधल्या पस्तीस वर्षांत महागाईवाढीचा दर दोन टक्क्यांच्या आत आला होता. मूळ भयाची भूमी खचली होती. ती उणीव भरून काढण्याचे काम संवादांवर पडले. पात्रे सिद्धांत समजावून सांगतात आणि प्रेक्षक श्रोता होतो.

विचारप्रधान कलेत सिद्धांत असणे हा दोष नव्हे. मात्र स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या कृतीने पात्रांना खरी निवड आणि रसिकाला स्वतःच्या निष्कर्षाची मोकळीक द्यावयास हवी. शुल्मन यांच्या कादंबऱ्यांनी ती दिली. ज्या चित्रपटावर त्यांची स्वतःची सत्ता सर्वाधिक होती, त्यातच ती आखडली.