यादीतले वाक्प्रचार

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक मार्गदर्शकांच्या शेवटी दोन याद्या असतात: एक वाक्प्रचारांची, दुसरी हमखास घोटाळा होणाऱ्या शब्दजोड्यांची. विद्यार्थी त्या पाठ करतो, गुण मिळवतो आणि पुढे आमच्याकडे प्रयोगशाळेत आला की 'ॲसिड टेस्ट'च्या जागी बेधडक 'लिटमस टेस्ट' लिहितो. दोहोंपुढे त्याने 'कसोटी' एवढेच घोकलेले असते.

यादी अर्थ देते. तो कोठून आला ते सांगत नाही, हा तिचा खरा दोष. 'ॲसिड टेस्ट' सराफाच्या पेढीवरची आहे. काळ्या दगडावर दागिना घासून उमटलेल्या रेघेवर नायट्रिक आम्ल सोडले, की पितळेची रेघ विरघळते, सोन्याची टिकते. त्या दगडालाच आपण कसोटी म्हणतो. 'कसोटीला उतरणे' तेथलेच. म्हणजे हा वाक्प्रचार मुलांच्या घरचाच निघाला! लिटमस खरे-खोटे ठरवत नाही. पदार्थ आम्ल की आम्लारी, एवढेच तो रंगावरून सांगतो. म्हणून एखाद्याच प्रश्नावरून माणूस कोणत्या बाजूचा ते ओळखणे, ही इंग्रजीत 'लिटमस टेस्ट'.

'क्वांटम लीप'बाबत मात्र आम्हा विज्ञानवाल्यांचेच चुकते. हायड्रोजनच्या अणूत पहिल्या कक्षेतून दुसरीत जाणारा इलेक्ट्रॉन मीटरच्या एक अब्जांशाइतकाही सरकत नाही. मग प्रचंड प्रगतीला हा शब्द कसा, असे म्हणून आम्ही पुष्कळ हसलो आहोत. पण वाक्प्रचाराने उडीची लांबी उचललेलीच नाही. मधली पायरी नसणे उचलले आहे, आणि बोरच्या १९१३ सालच्या अणुप्रतिमानात महत्त्वाचे तेच होते.

शब्दजोड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. स्थिर तरंगांचे 'स्टेशनरी' आणि वह्या-पेन्सिलींची 'स्टेशनरी' यांच्या इंग्रजी स्पेलिंगात फरक फक्त शेवटाकडच्या एका अक्षराचा: पहिल्यात 'ए', दुसऱ्यात 'ई'. शेजारीशेजारी छापून दोन्ही एकाच दिवशी शिकवले, की कशात काय, नेमके तेच विसरते. वास्तविक दोन्ही एकाच कुळातले. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर'. पहिला शब्द भौतिकीच्या तासाला, ताणलेल्या तारेवर तरंग दाखवताना फळ्यावर लिहावा. दुसऱ्याला शाळेजवळच्या वह्यांच्या दुकानाची पाटी पुरते. तिथले स्पेलिंग बहुधा चुकलेलेच असते. ते मुलांनाच पकडू द्यावे.