ट्रिपचं एक्सेल कोण बनवतं?

आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'एनएच ४४' आहे. २०१७ मध्ये, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, नागपूरला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून आम्ही चौघांनी तो काढला. नोकरी लागली, पहिले सहा पगार झाले की गाडी काढायची आणि थेट कन्याकुमारी, असं ठरलं होतं. आज त्यातला एक जण कॅनडात आहे, एकीला दीड वर्षाची मुलगी आहे, एकजण कायम नोटिस पिरियडवर असतो. ग्रुपवरचा शेवटचा मेसेज म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो. पण ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये एका शीटची लिंक अजून आहे. ती मी बनवली होती. किलोमीटर, टोल, मुक्काम, दर माणशी खर्च, आणि एक रकाना 'टॉयलेट' नावाचा. त्या रकान्यावर पोरं आठवडाभर हसली. "अबे, ट्रिप अशी प्लॅन करून होते का कधी? झेडएनएमडी पाह्य जरा."

पाहिला होताच. तरी पुन्हा पाहिला, आणि गेल्या काही वर्षांत आणखी चार-पाच वेळा. झोया अख्तरचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ साली आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. आमच्या वयाच्या लोकांची 'ट्रिप' या शब्दाची व्याख्या बरीचशी त्या सिनेमाने ठरवली आहे. तीन मित्र, स्पेन, निळी उघडी गाडी, प्रत्येकाने निवडलेला एकेक साहसी खेळ. त्यातला अर्जुन लंडनमध्ये शेअर बाजारातलं काम करतो, गाडीतही कॉल घेतो, आणि इम्रान त्याचा फोन सरळ खिडकीबाहेर फेकून देतो. थिएटरमध्ये इथे टाळ्या पडायच्या म्हणे. मी आता हा सीन पाहते तेव्हा माझा जीव त्या फोनसाठी तुटतो. ऑन-कॉल असताना फोन फेकला तर सोमवारी काय होतं हे मला माहीत आहे.

आता एक गंमत. सिनेमात हे तिघं आधी कोस्टा ब्राव्हाला समुद्रात बुडी मारतात, मग बुन्योलला टोमॅटोंची होळी खेळतात, मग सेव्हिलला विमानातून उडी मारतात आणि शेवटी पाम्प्लोनाला बैलांपुढे धावतात. बुन्योलचा 'ला टोमाटिना' ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो. पाम्प्लोनाचा 'सान फर्मिन' ६ ते १४ जुलै. म्हणजे टोमॅटो आधी आणि बैल नंतर हवे असतील, तर मधे दहा महिन्यांहून जास्त काळ जायला हवा. ट्रिप आहे तीन आठवड्यांची. हा बग मला शीट बनवताना सापडला. हौसेने मी त्यांचा मार्गही एका टॅबमध्ये टाकून पाहिला होता आणि तारखांचे रकाने काही केल्या जुळेनात.

सिनेमात अशी सूट चालते, मान्य. दोन उत्सवांच्या तारखा पुढेमागे केल्याबद्दल मी झोया अख्तरला फासावर लटकवणार नाही. पण मला वाटतं हा बग चुकून राहिलेला नाही, तो सिनेमाच्या स्वभावातूनच आलाय. या सिनेमात कॅलेंडरच नाही. भारतीय पासपोर्टवर युरोपला जाण्यासाठी व्हिसाची रांग पाहिल्याचं मला आठवत नाही. बुकिंग कुणी केलं, बिल कुणी भरलं, हे विचारणं म्हणजे रसभंग. प्लॅनिंग हा इथे एक रोग आहे, तो अर्जुनला झालाय, आणि पाण्याखाली नेऊन त्याला बरं करायचं आहे. तुमची ट्रिप रखडली कारण तुम्ही फार विचार केलात, असं हा सिनेमा सुचवतो. आमची ट्रिप सात वर्षं रखडली. तीन वेळा तारखा ठरल्या आणि तिन्ही वेळा मोडल्या, पण विचार जास्त झाला म्हणून एकदाही नाही. एकदा कुणाची तरी सुट्टी ऐनवेळी नाकारली गेली. एकदा कोविड. आणि एकदा मैत्रिणीच्या घरी "दोन मुलं, दोन मुली, रात्रीचे मुक्काम?" या प्रश्नावर चर्चा संपली. त्या प्रश्नाचं उत्तर बिनधास्तपणाने देता येत नाही. हॉटेलची नावं, खोल्यांची संख्या, रात्री आठनंतर गाडी चालणार नाही याची हमी, अशी कागदावरची उत्तरं लागतात. फोन फेकून देऊन निघण्याची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही.

तयारी दाखवली की प्रवासातली मजा जाते, हेही खरं नाही. जॉन स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) सुरू होतं तेच तयारीपासून. वय ५८, नुकतंच आजारपण झालेलं, आणि आता जपून राहा असा सल्ला. हा गृहस्थ ट्रकवर बांधलेलं छोटं घर बनवून घेतो, त्याला डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव देतो आणि गरजेच्या कितीतरी पट सामान भरतो. सामानाची ती पानं मला पुढच्या अमेरिकेपेक्षा जास्त आवडतात. घाबरलेला माणूस सामान जास्त घेतो. ती भीती त्या डब्यांमधून आणि अवजारांमधून दिसते, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हे काम ज्या सिनेमाने केलं त्याला रोड मूव्ही म्हणायला लोक जरा बिचकतात. शुजित सरकारचा 'पिकू' (२०१५, लेखन जुही चतुर्वेदी). दिल्ली ते कोलकाता, साधारण दीड हजार किलोमीटर, बद्धकोष्ठाने पछाडलेले बाबा, आणि गाडीच्या टपावर बांधलेली कमोडची खुर्ची. ती खुर्ची म्हणजे माझा टॉयलेटचा रकाना! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती विनोद वाटली होती. आता मला वाटतं, आपल्या सिनेमातलं ते सगळ्यात प्रामाणिक सामान आहे. प्रवास शरीराने करायचा असतो, आणि शरीराला दर काही तासांनी काहीतरी लागतं, हे त्या खुर्चीमुळे एका फ्रेममध्ये कळतं. पिकू सतत हिशेब करत असते, औषधांचा, वेळेचा, बाबांच्या मूडचा. तिचं डोकं एक चालतंबोलतं एक्सेल आहे आणि त्याबद्दल तिला कुणी थँक्यू म्हणत नाही. ती चिडचिडी आहे. असणारच.

'पिकू'ही निर्दोष नाही. टॅक्सी कंपनीचा मालक राणा स्वतः गाडी चालवायला बसतो, आणि तो इरफान खान असतो. असा ड्रायव्हर प्लॅनमध्ये धरता येत नाही. बरोबर नोकर बुधन आहे. त्याच्या शरीराचं काय, त्याला कधी थांबायचं असतं, हे सिनेमा विचारत नाही. आणि शेवटी बाबांना आलेलं शांत झोपेतलं मरण मला जरा जास्तच सोयीचं वाटतं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना माहीत असतं की गोष्ट इतकी वेळेवर संपत नाही.

हा सिनेमा मी गेल्या दिवाळीत बाबांबरोबर पाहिला. आमचं घर हिंगणघाटला, हायवेपासून जवळ. बाबांनी तीस वर्षं एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात बिल्ट्या लिहिल्या. एकशे सत्तर किलोची एकेक गाठ, अशा गाठींनी भरलेले ट्रक तमिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे जायचे. बाबा अजून त्या रस्त्याला 'सात नंबर'च म्हणतात, नंबर बदलून इतकी वर्षं झाली तरी. ज्या रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर माल पाठवला, त्यावर दक्षिणेला ते आदिलाबादच्या पुढे गेलेले नाहीत. आधी सुट्टी नव्हती, मग माझी फी होती, मग आजीचं आजारपण. आता वेळ आहे तर साखर आणि प्रोस्टेट दोन्ही आहे. नागपूरला एसटीने जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. मला ते कुणी सांगितलं नाही, मी ओळखलं. पोरींना ही युक्ती शाळेपासून माहीत असते.

टपावरची खुर्ची पाहून बाबा खूप हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जाहिराती लागल्यावर म्हणाले, "तुमची ती ट्रिप झाली का वो?" मी म्हटलं, नाही झाली, बाबा. "मंग मले ने."

जुनी शीट मी कॉपी केली. हिंगणघाट ते कन्याकुमारी सुमारे सतराशे किलोमीटर. २०१७ मध्ये मी ते तीन दिवसांत बसवले होते, आता सहा दिवस आहेत. जास्तीत जास्त सत्तर किलोमीटरला एक थांबा, म्हणजे चोवीस थांबे. टॉयलेटचा रकाना सगळ्यात पहिला घेतला. पेट्रोल पंप, नसेल तर मोठं हॉटेल, तेही नसेल तर पर्याय. इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी. कॅनडातल्या मित्राला लिंक पाठवली तर त्याने एक अंगठा पाठवला, आणि तासाभराने 'कर्नूलच्या अलीकडचा थांबा चेक कर, अंतर जास्त वाटतंय'. अंतर खरंच जास्त होतं.

प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून, बिल्टी तपासतात तशी, बोट फिरवत वाचली. सेलमच्या खाली पेनाने एक ओळ वाढवली: नामक्कल. मी म्हटलं, सेलमपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, तिथे थांबायची गरज नाही पडणार. "टीएन अठ्ठावीस तिथचीच," ते म्हणाले. तीस वर्षं त्यांच्या दारात लागलेल्या कितीतरी ट्रकांचा हाच नंबर होता.

शीटमध्ये मी ओळ टाकली. 'थांबण्याचं कारण' हा रकाना रिकामा ठेवला तर पुढची सूत्रं बिघडतात, म्हणून त्यात काय लिहू असं बाबांना विचारलं.

"लिही, पाहाले."